बारीक दातांचं पातं

१

दानीएल मिस्त्रीचा फोन आला तेव्हा मी चहात बिस्कीट बुडवत होतो. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. दानीएलच्या बाबतीत यात नवल काही नव्हतं. त्याने उभा जन्म चर्चच्या शेवटच्या बाकावर काढला. पाळकसाहेब "आज दानीएलभाऊ प्रार्थना चालवतील" म्हणाले, की हा खाली वाकून न पडलेला रुमाल शोधायला लागतो.

"जेम्सभाऊ," शेवटी तो म्हणाला, "मेज कापलंय कुनीतरी."

बिस्कीट चहातच राहिलं.

हे मेज म्हणजे आमच्या चर्चचं प्रभुभोजनाचं मेज. अस्सल सागाचं, दानीएलचा आजा सहादू मिस्त्री याने घडवलेलं. पुढच्या महिन्यात चर्चचा वर्धापनदिन, म्हणून ते पॉलिशला दानीएलच्या राहाता गावातल्या कारखान्यात नेलं होतं. कारखाना म्हणजे पुणतांब्याच्या रस्त्याला पत्र्याची एक शेड. नेण्याचा ठराव मीच मांडला होता, कारण मी कमिटीत आहे आणि एसटीतून निवृत्त झाल्यापासून मला दुसरा उद्योग नाही.

बायकोला स्कूटरवर मागे बसवलं आणि निघालो. बायकोला म्हणजे रूथला. आयटीआयमध्ये तिने सुतारकाम शिकवण्यात आयुष्य घालवलं. घरातलं एक दार कुरकुरलं तरी तिला झोप येत नाही. मेज कापल्याचं ऐकून ती राहात्यापर्यंत एक शब्द बोलली नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली.

मेजाची वरची फळी पॉलिशसाठी चौकटीवरून उतरवून लाकडी घोड्यांवर ठेवली होती. तिचे आता दोन तुकडे होते. एक मोठा, एक लहान.  याच फळीसमोर माझं लग्न लागलं, याच फळीसमोर माझ्या आईची शवपेटी ठेवली होती.

आमचे सेक्रेटरी जोसेफ पंडित आधीच येऊन उभे होते. निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळे सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं आणि ते सगळ्या गावाला वर्ग समजतात.

"कुलूप शाबूत आहे," गुरुजी म्हणाले. "किल्ल्या दोन. एक दानीएलकडे, दुसरी त्याच्या कारागिराकडे, चेतनकडे. काल दुपारी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं आणि चेतन किल्ली खिशात घेऊनच निघून गेला. आणखी कसला तपास करायचा? उद्या उपासना संपली की मंडळीसमोर ठेवू आणि तिथून सरळ पोलीस स्टेशन."

"दानीएलभाऊ, तुम्ही काय म्हणता?" रूथने विचारलं.

"मी कुनाचं नाव घेतलं न्हाई," दानीएल जमिनीकडे बघत म्हणाला.

रूथ वाकली. कापलेल्या कडेवरून तिने बोट फिरवलं, मग फळी उचलून खालची कड बघितली. मग लाकूड कापायच्या मशीनकडे वळून त्यावरचं पातं बघितलं. उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा परीक्षेचा पेपर तपासताना होतो तसा झाला होता.

"गुरुजी, पोलिसांचं उद्या बघू," ती म्हणाली. "हे रागाच्या भरात कापलेलं नाही."

२

घरी आलो तर ओट्यावर चेतन आणि त्याची आई चांगुणाबाई बसलेले. चांगुणाबाई पदराने तोंड पुसत उठल्या.

"जयभीम बाई. पोराचं नाव घेत्यात म्हनं लोकं. आता तुमीच बगा."

चेतन आयटीआयला रूथच्या शेवटच्या तुकडीत होता. हात चलाख, पण कामात घाई. दोनच आठवड्यांपूर्वी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये त्याची निवड झाली म्हणून हीच बाई आमच्याकडे पेढे देऊन गेली होती. आता फक्त पोलीस पडताळणी बाकी होती. त्या कागदावर एक तक्रार चढली, की रेल्वे संपली. हे त्या माउलीला कळत होतं. मला तिच्याकडे बघवेना.

"भांडण कशावरून झालं?" रूथने विचारलं.

चेतनने मान खाली घातली. "ब्लेडवरून."

"नीट सांग."

"एका बंगल्याचं कपाट हुतं, मॅडम. सनमायका लावलेल्या पट्ट्या कापायच्या हुत्या. मशीनवर जाडं ब्लेड हुतं, सागाच्या चिरा पाडायचं. मी त्याच्यानंच कापल्या. सगळ्या कडा उडाल्या. म्हातारा लई चिडला. म्हनला, बारीक पातं खुटीवर टांगलेलं दिसत न्हाई का? मी म्हनलं, चार पट्ट्यांसाठी नट सोडा, वायसर काढा, ब्लेड बदला, परत पुसून ठेवा, कोन करीत बसतंय? त्येवर म्हनला, चालता हो. मी चालता झालो. किल्ली खिशातच राह्यली."

"याच कारणासाठी मी तुला प्रात्यक्षिकात नापास केलं होतं," रूथ म्हणाली.

"व्हय. ध्येनात हाय."

"संध्याकाळी कुठे होतास?"

"घरी." तो लगेच म्हणाला.

मी आयुष्यभर बसमध्ये तिकिटं फाडली. बिनतिकिटाचा माणूस खिडकीबाहेर जरा जास्तच लक्ष देऊन बघतो. चेतन आमच्या तुळईकडे तसाच बघत होता.

ते गेल्यावर मी रूथला म्हणालो, "पोरगं खोटं बोलतंय."

"बोलतंय," ती म्हणाली. "पण कशाबद्दल, ते बघायला हवं."

३

दुपारी आम्ही पुन्हा कारखान्यात. दानीएल एकटाच होता. त्याने आमच्यासाठी चहा मागवला, स्वतः घेतला नाही.

"मशीनवर हे पातं कालपासून आहे?" रूथने विचारलं.

"व्हय. आठवडाभर हेच हाय. चिरकाम चाललंय. बारीक पातं या आठवड्यात खुटीवरनं उतरवलंच न्हाई. उतरवाया पायजे हुतं त्या पट्ट्यांना, तर आमच्या शान्यानं…" तो थांबला. चेतनचं नाव त्याने घेतलं नाही.

रूथने कोपऱ्यातला सागाचा एक तुकडा उचलला. "यावर आडवा काप घेऊ का?"

दानीएलने मान हलवली. मशीन गुरगुरलं, माझ्या दाढांपर्यंत आवाज गेला. रूथने तुकडा उलटा करून माझ्या हातात दिला. खालची कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती. मग तिने मला मेजाच्या फळीची खालची कड दाखवली. लोण्यातून सुरी फिरवावी तशी गुळगुळीत.

"समजलं?" ती म्हणाली.

"तू सांगितलंस तर समजेल."

"लाकूड रेषेच्या दिशेने उभं चिरायचं असेल तर मोजके, मोठे दात लागतात. दातांमध्ये खोल खाचा, म्हणजे भुसा भराभर बाहेर पडतो. पण रेषेला आडवं कापायचं असेल तर प्रत्येक धागा तोडावा लागतो. तिथे पुष्कळ आणि बारीक दात पाहिजेत. जाड पातं आडवं घातलं की ते धागे तोडत नाही, उपटतं. हे मेज आडवं कापलंय आणि एक धागा उपटलेला नाही."

"म्हणजे मशीनवर आहे त्या पात्याने कापलेलंच नाही?"

तिने मशीनखालची भुशाची पेटी ओढली. आत्ताच्या कापाचे कण बाजूला सारले तर वरचा थर पिठासारखा मऊ होता. तिने हात खाली घातला आणि मूठभर भुसा काढला. शेवयांचा चुरा असावा तसा, लांब लांब.

"जाड पात्याचा भुसा खाली, बारीक पात्याचा वर," ती म्हणाली. "कुणीतरी पातं बदललं, मेज कापलं आणि जाड पातं परत चढवून ठेवलं."

 मेज फोडायला कुऱ्हाड पुरली असती. हा माणूस पाना घेऊन, नट सोडून, निवांतपणे पातं निवडत बसला होता.

रूथचं बोट फळीच्या वरच्या बाजूला, कापाच्या कडेने सरकत होतं. मध्येच ते जरा चिकटलं. तिने मलाही बोट लावायला लावलं. चिकटपट्टी काढल्यावर राहतो तसा बारीक चिकटा होता.

मागे पाण्याचा आवाज आला. दानीएल चहाचे ग्लास विसळत होता. ते ग्लास टपरीवाल्याचे होते, आणि त्यांतला चहा आम्ही अजून संपवलाही नव्हता.

मग रूथ भिंतीपाशी गेली. खुंट्यांवर पाती टांगलेली, सगळ्यांवर भुशाचा पातळ थर. तिने बारीक दातांचं पातं खाली काढलं, उजेडात धरलं, नाकाशी नेलं आणि परत टांगलं.

"काय ग?" मी विचारलं.

"चला बाहेर," ती म्हणाली.

४

शेजारी मच्छिंद्रचं पंक्चरचं दुकान आहे. टायरात डोकं घालून बसलेल्या माणसाला रस्त्यावरचं सगळं दिसतं, हा माझा एसटीतला अनुभव.

"काल संध्याकाळी कुणी आलं होतं का रे कारखान्यावर?" मी विचारलं.

"आल्ते की. पांढरी गाडी घेऊन तुमचं गुरुजी आन् एक जाडजूड शेठ. लई येळ नव्हते थांबले."

मी आणि रूथने एकमेकांकडे बघितलं. गुरुजी सकाळी इतकं बोलले, पण काल आपण इथे आलो होतो हे काही बोलले नव्हते.

"गाडी गेल्यावर?"

"गाडी गेली आन् दिवेलागनीला मशीन चाललं. थोडाच येळ. मला वाटलं, मिस्त्री काम उरकतोय."

"गुरगुरत होतं का?" रूथने विचारलं.

मच्छिंद्रने डोकं खाजवलं. "न्हाई बगा. शिट्टी मारल्यावानी बारीक आवाज हुता. रोजच्यासारखा न्हाई."

"आणखी कुणी?"

तो जरा घुटमळला. "आता कसं सांगू. मशीन चालू हुतं तवाच चेतनची मोटरसायकल आल्ती. पार दारापर्यंत आली, हुभी राह्यली आन् माघारी गेली."

 घरीच होतो म्हणणारा चेतन इथे होता, मशीन चाललं होतं तेव्हाच होता. मच्छिंद्रने हे पोलिसांना सांगितलं तर चांगुणाबाईंचे पेढे वाया जाणार.

"हे तू कुणाला बोललास?"

"कोन इचारतंय मला?"

"मग उद्यापर्यंत बोलू नकोस," रूथ म्हणाली.

तिथून आम्ही गुरुजींच्या घरी गेलो. ते पायरीवर पेपर वाचत होते. काल कारखान्यावर गेला होतात का, असं रूथने सरळ विचारलं. आधी ते "मी कशाला जाऊ?" म्हणाले. मग पांढऱ्या गाडीचं नाव काढल्यावर त्यांनी पेपराची घडी घातली. ती घडी त्यांनी इतकी नीट घातली की मला त्यांची कीव आली.

"चर्चचं छप्पर गळतंय, ते तुम्हालाही माहीत आहे," ते म्हणाले. "शिर्डीकडे कल्याणशेठचं हॉटेल आहे. त्यांना लॉबीत ठेवायला जुनं सागाचं मेज हवं होतं. आज सकाळी ते गाडी पाठवणार होते. त्या बदल्यात छप्पर झालं असतं. मी माझ्या घरात नव्हतो नेणार काही."

"मंडळीला विचारलंत?"

"विचारलं असतं तर छप्पर बाजूला राहिलं असतं आणि वर्षभर भांडणं चालली असती. दानीएलला सांगितलं, हुबेहूब असंच दुसरं करून दे. कुणाला कळलंही नसतं."

"दानीएल काय म्हणाला?"

"काही नाही. तो कधी काही म्हणतो का? गप्प बसला, म्हणजे त्याला चालणार असेल, असं मी धरलं."

"आणि कल्याणशेठ?"

"सकाळीच फोन केला. म्हणाले, तुकडे नेऊन काय करू? व्यवहार मोडला." गुरुजींचा आवाज चढला. "त्या पोराने चर्चचं छप्परच कापलं म्हणा ना. उद्या मी गप्प बसणार नाही."

५

"चेतन, तू काल तिथे होतास."

चांगुणाबाईंच्या घरात, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली चेतन उभा होता. रूथने दुसरं काहीच विचारलं नाही. 

"बोल की रं," आई म्हणाली. "नोकरी जाईल तुजी."

"माफी मागाया गेल्तो," तो म्हणाला. "दारापातूर गेलो. मग माघारी आलो."

"का आलास?"

"बस, आलो."

"मशीन चाललेलं ऐकलंस?"

त्याने ओठ घट्ट मिटले.

"आवाज कसा होता?"

"मॅडम," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला, "माजंच नाव राहू द्या. मला काय दुसरं काम मिळंल. पन ते इचारू नका."

 रूथने चेतनच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही बाहेर पडलो. गल्लीच्या तोंडाशी मी तिला अडवलं. "आता नाव सांगणार आहेस की नाही?"

तिने सांगितलं. मला ते पटायला थोडा वेळ लागला, आणि पटल्यावर राग आला. इतका की स्कूटरला किक बसेना.

दानीएल घरासमोर खाटेवर बसला होता. ऊन उतरलं होतं. आम्हाला बघून तो उठला नाही.

"दानीएलभाऊ," रूथ त्याच्यासमोर बसली. "मी बोलते. चुकलं तर सांगा. ज्याला मेज नासवायचंच होतं, त्याने मशीनवर होतं ते जाड पातं सरळ घातलं असतं. इथे माणसाने ते उतरवलं, बारीक चढवलं. कापायच्या रेषेवर टेप चिकटवली, कडेच्या ढलप्या उडू नयेत म्हणून. काप मधोमध घेतला नाही. खालच्या चौकटीची आडवी पट्टी जिथे येते, बरोबर तिथे घेतला, म्हणजे उद्या सांधायचं झालं तर जोड पट्टीवर बसेल आणि मेज पहिल्यासारखं उभं राहील. त्याला ते तोडायचं नव्हतंच. त्याला ते फक्त विकाऊ राहू द्यायचं नव्हतं. आणि ते विकणार आहेत हे तिघांनाच माहीत होतं. गुरुजींना, शेठला आणि तुम्हाला."

दानीएल खाटेचा सुंभ बोटाने ओढत राहिला.

"एवढ्यावरही मी तुमचं नाव घेतलं नसतं. पण तुम्ही म्हणालात, बारीक पातं आठवडाभर खुंटीवरून उतरवलं नाही. भिंतीवरच्या सगळ्या पात्यांवर भुसा बसलाय. बारीक पातं तेवढं लख्ख आहे आणि त्याला ताज्या डिझेलचा वास येतोय. काम झाल्यावर तुम्ही ते बोळ्याने पुसलंत आणि जागेवर टांगलंत. एवढ्या घालमेलीतसुद्धा. चेतनला तर भर दुपारी, शिव्या खाऊनसुद्धा ते जमत नाही."

"सागाचा चीक बसतो दातावर," दानीएल हळूच म्हणाला. "न्हाई पुसलं तर खराब होतं पातं."

मी ओरडणार होतो. पण त्याने मान वर केली आणि त्याचे डोळे बघून मी स्कूटरची किल्ली खिशात टाकली.

"गुरुजी म्हनले, समदं ठरलंय. सकाळी गाडी येनार. मला बोलाया जमलं न्हाई, बाई. कधीच जमत न्हाई. आज्यानं केलेलं मेज. दोन तुकडं झाल्यावर कोन नेतंय? मला वाटलं, चोरानं कापलं म्हनतील, दोन दिस बोलतील, मग मलाच सांधायला सांगतील."

"मग वेडंवाकडं तरी कापायचंस," मी म्हणालो. "कुणाला कळलं नसतं."

तो माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिला की जणू मी काहीतरी अभद्र बोललो. "लाकडाची काय चूक हुती, जेम्सभाऊ?"

"आणि चेतनची?" रूथने विचारलं.

तो पुन्हा सुंभ ओढायला लागला.

"किल्ली त्याच्याकडं राह्यली, हे इसरलो," तो म्हणाला. "सकाळी गुरुजींनी त्याचं नाव घेतलं तवा माज्या तोंडातनं शब्दच फुटंना."

"त्याला माहीत आहे, दानीएलभाऊ. तुमची माफी मागायला तो दारापर्यंत आला होता. आतून बारीक पात्याचा आवाज ऐकला आणि माघारी गेला. त्या कारखान्यात ते पातं चढवणारा माणूस एकच, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? रेल्वे गेली तरी चालेल, पण तुमचं नाव सांगणार नाही म्हणतोय."

दानीएलने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. आम्ही तिथे थांबणं मला बरं वाटेना.

"उद्या गुरुजी विचारतील, कुणाला काही बोलायचं आहे का," रूथ म्हणाली. "मी थांबेन. तुम्ही उठला नाहीत तर मग मी उठेन. पण मी उठले तर ते तुम्हाला जन्मभर सलेल."

६

रविवारी मेजाच्या जागी शाळेतला बाक होता, त्यावर पांढरी चादर. सगळ्यांच्या नजरा फिरून फिरून तिकडेच जात होत्या. पाळकसाहेबांचा संदेश क्षमेवर होता असं आठवतं, पण मी एक वाक्यही ऐकलं नाही. मी मागे वळून बघत होतो. दानीएल शेवटच्या बाकावर, भिंतीकडेला बसला होता. नवा सदरा, दाढी केलेली, तोंड पांढरंफटक.

बाहेर कडुलिंबाखाली चेतन आणि त्याची आई उभे होते. ते आमच्यातले नाहीत, पण गुरुजींनी निरोप धाडून बोलावलं होतं. उघड्या दारातून चांगुणाबाईंची हिरवी साडी दिसत होती.

आशीर्वचन झालं. गुरुजी उभे राहिले. मेजाची हकीकत त्यांनी सांगितली, कुलूप सांगितलं, किल्ली सांगितली, भांडण सांगितलं. पांढरी गाडी तेवढी गाळली. बाया हळहळल्या, दोन म्हातारे चेतनच्या दिशेने बघून पुटपुटले.

"मग सगळ्यांच्या संमतीने आम्ही इथून पोलीस स्टेशनला जात आहोत," गुरुजी म्हणाले. "कुणाला काही बोलायचं आहे?"

पंखे फिरत होते. 

मी मागे बघितलं. दानीएल खाली वाकला होता. रुमाल शोधत होता.

माझं मन खट्टू झालं. शेजारी रूथने पदर खांद्यावर नीट केला आणि बाकाच्या पाठीवर हात टेकला. तिच्या मनगटाची शीर ताठ झालेली मला दिसली.

"ठीक आहे," गुरुजी म्हणाले, "तर मग…"

मागून बाक सरकल्याचा आवाज आला.

दानीएल उभा होता. हातात खरंच रुमाल होता. रुमालाने त्याने दोन्ही तळवे पुसले, जसे तो कामाला हात लावण्याआधी पुसतो, आणि मधल्या वाटेने चालत पुढे आला. सगळी मंडळी त्याच्याकडे तोंड उघडं टाकून बघत होती. बाकाच्या पांढऱ्या चादरीपाशी येऊन तो वळला. त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा हलले.

"मेज म्या कापलं," तो म्हणाला. "चेतननं न्हाई."

कुणीतरी "देवा" म्हणालं. दारात चेतन आला होता.

"अजून बोलायचंय," दानीएल म्हणाला. घाम त्याच्या कानशिलावरून ओघळत होता. "गुरुजी, तुमी परवा म्हनलात, ते मेज शेठला देऊ, तू दुसरं करून दे. मी गप बसलो. ते व्हय नव्हतं, गुरुजी. मला बोलता येत न्हाई म्हनून मी गप बसलो. काल पोराचं नाव निघालं तवाबी गप बसलो. त्ये पाप मोठं. कापल्यापेक्षा मोठं." तो चेतनकडे वळला. "मला तुज्यासंगं भांडाया लई तोंड असतं. तुज्यासाठी बोलाया न्हाई फुटलं. माफ कर."

आणि तो तिथेच, सगळ्यांसमोर, एवढासा होऊन उभा राहिला.

"कोणतं मेज शेठला देऊ?" पहिल्या बाकावरून आराधनाआजीने विचारलं. "गुरुजी, काय भानगड आहे ही?"

गुरुजींच्या कपाळाला घाम फुटला. पण एक मान्य करतो, त्यांनी रुमाल शोधला नाही. गाडी, शेठ, छप्पर, सगळं त्यांनी आपल्या तोंडाने सांगितलं आणि मग ते खाली बसले. आमच्या गावात मुख्याध्यापक माणूस असा मान खाली घालून बसलेला मी पहिल्यांदाच बघितला.

७

पोलिसांकडे कुणी गेलं नाही. छपराचं काम गावातल्या हातांनीच करायचं ठरलं आणि ते अजून चालू आहे, म्हणजे मागच्या बाजूला अजून गळतं. मेज सांधायचं काम अर्थातच दानीएलकडे आलं. आराधनाआजीने अट घातली, की दर रविवारी एक प्रार्थना दानीएल चालवेल. मला ही शिक्षा तुरुंगापेक्षा कडक वाटली.

मी आणि रूथ परवा कारखान्यावर गेलो तेव्हा फळीचे दोन्ही तुकडे शिकंज्यात आवळलेले होते. पातं जितकं जाड तेवढं लाकूड भुशात गेलं, तेवढं मेज कायमचं आखूड झालं. आमच्या कुणाच्या ते लक्षातही येणार नाही. दानीएल मात्र येता जाता त्या जोडावरून अंगठा फिरवत होता.

चेतन तिथेच होता. पडताळणीचा हवालदार गावात चौकशी करून गेला, गावाने चांगलंच सांगितलं. रेल्वेत हजर होईपर्यंत मेजाचं काम संपवून जाणार म्हणून तो रोज येत होता. जोडाच्या खालून आधाराला सागाच्या दोन पट्ट्या लावायच्या होत्या. त्याने लाकूड उभं चिरलं, मशीन गुरगुरलं. मग त्याच पट्ट्या मापात आडव्या कापायला त्याने त्या मशीनवर धरल्या, आणि थांबला.

 दानीएल पाठमोरा होता.

चेतनने बटण बंद केलं, प्लग काढला. पाना घेतला, नट सोडला, वायसर काढला. जाड पातं उतरवून बाजूला ठेवलं आणि खुंटीवरचं बारीक पातं चढवलं. तेवढ्यात माझा चहा थंड झाला. मग त्याने मशीन सुरू केलं आणि शेडमध्ये तो बारीक, शिट्टीसारखा आवाज भरला.

दानीएलने वळून बघितलं नाही. अंगठा मात्र जोडावर थांबला होता.

"पुसून ठेव," तो म्हणाला.

"व्हय," चेतन म्हणाला, आणि डिझेलचा बोळा शोधायला लागला.